आर्मरचा एक पॉइंट: ‘एज ऑफ एम्पायर्स २’मधला चिलखताचा हिशेब

[दृश्य: ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या कॉम्प्युटर गेममधला तिसरा काळ, कॅसल एज. सहा नाईट (घोडेस्वार) समोरच्याच्या टाउन सेंटरखाली (बाण सोडणारी मुख्य इमारत) घुसतात. व्हिलेजर (कामकरी) शेतं सोडून आत पळतात. वरून बाण सुटतात.]

हे सहा नाईट आता किती वेळ टिकतील?

समोरचाही घोड्यांवरच खेळतोय, त्यामुळे त्याने फ्लेचिंग (बाणांचा हल्ला वाढवणारं अपग्रेड) केलेलं नाही. त्याच्या टाउन सेंटरच्या बाणाचा हल्ला ५. साध्या नाईटचं पिअर्स आर्मर (बाणांविरुद्धचं चिलखत) २. म्हणजे प्रत्येक बाणामागे ३ एचपी (हिट पॉइंट, युनिटचा जीव) जातात. पण स्केल बार्डिंग आणि चेन बार्डिंग ही घोड्यांच्या चिलखताची दोन अपग्रेड झालेली असतील तर आर्मर ४ होतं, आणि तोच बाण फक्त १ एचपी नेतो. मार तिसऱ्या हिश्शावर आला. तेवढ्या वेळात चार-पाच व्हिलेजर जास्त कापता येतात.

[दृश्य: ब्लॅकस्मिथ, जिथे ही अपग्रेड होतात. संशोधनाची खूण फिरते आहे.]

१९९९ साली आलेला आणि २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशननंतर पुन्हा जोमाने खेळला जाणारा हा गेम. आर्मरचं गणित यात अगदी उघडं आहे. हल्ल्यातून आर्मर वजा करायचं, उरेल तेवढं नुकसान. उत्तर शून्य किंवा उणे आलं तरी १ एचपी जातोच. तलवार, भाला अशा जवळच्या माराला मेली आर्मर लागतं, बाणाला पिअर्स. युनिटवर क्लिक केलं की खाली हे दोन आकडे दिसतात.

वजाबाकीमुळे एक गंमत होते. आर्मरचा पुढचा पॉइंट आधीच्या पॉइंटपेक्षा जास्त किमतीचा ठरतो. फ्लेचिंग आणि त्याच्या पुढचं बॉडकिन झालेल्या क्रॉसबोचा (कॅसल एजमधला तिरंदाज) हल्ला ७ असतो. १०० एचपीचा साधा नाईट त्याच्या २० बाणांत पडतो. आर्मरचा एक पॉइंट वाढला की २५ बाण लागतात. दुसरा वाढला की ३४. पहिल्याने पाच बाण वाचवले, दुसऱ्याने नऊ.

आता क्रॉसबोवाल्याने बॉडकिन करायचं राहू दिलं असेल, तर त्याच दोन पॉइंट वाढलेल्या नाईटसाठी त्याला ५० बाण मोजावे लागतात. बॉडकिनची किंमत २०० फूड, १०० गोल्ड. नाईटसमोर उभं राहायचं असेल तर हा खर्च टाळून चालतच नाही.

[दृश्य: दोन नाईट समोरासमोर, एकमेकांवर घाव घालताना.]

नाईट विरुद्ध नाईट लढत असेल तर पहिले १५० फूड फोर्जिंगवर घालायचे की स्केल बार्डिंगवर? दोन्हींची किंमत सारखीच. बरेच जण हल्ला आधी वाढवतात. घाव मोजून बघा. काहीच अपग्रेड नसताना एक नाईट दुसऱ्याला १३ घावांत मारतो. फोर्जिंग केलं तर तुम्हाला १२ घाव लागतात, त्याला १३च. स्केल बार्डिंग केलं तर तुम्हाला १३ लागतात, पण त्याला १५. चिलखताने दोन घावांची आघाडी मिळते, फोर्जिंगने एकाची. शिवाय चिलखत बाणांनाही अडवतं आणि पाच सेकंद आधी तयार होतं. आमच्या मते इथे शंकेला जागाच नाही.

पुढच्या टप्प्यावर दोन्ही पारडी जवळपास समान होतात. तिथे समोर कोण आहे ते पाहून ठरवायचं.

[दृश्य: फ्यूडल एज, कॅसल एजच्या आधीचा काळ. चार स्काउट (हलके घोडेस्वार), मागून तिरंदाज.]

किती युनिट असताना अपग्रेड परवडतं? फ्यूडल एजमधला स्काउट ४५ एचपीचा. फ्लेचिंग झालेल्या तिरंदाजाच्या १५ बाणांत तो मरतो. स्केल बार्डिंगनंतर २३ बाण लागतात, म्हणजे आयुष्य साधारण दीडपट. चार स्काउट असतील तर टिकण्यापुरती ही सहा स्काउटांची बरोबरी झाली. दोन जादा स्काउट काढायला १६० फूड लागलं असतं. अपग्रेडला १५०. मात्र दोनच स्काउट असतील आणि पुढे घोडे काढायचेच नसतील, तर ते फूड व्हिलेजरांवर घाला.

चेन बार्डिंगला २५० फूड, १५० गोल्ड. एवढ्यात जवळपास तीन नाईट येतात. क्रॉसबोसमोर २५चे ३४ बाण होतात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त वाढ. तेव्हा आठ-नऊ नाईट झाले की खर्च वसूल. एक नाईट तयार व्हायला ३० सेकंद. दोन तबेल्यांतून आठ नाईट दोन मिनिटांत निघतात, आणि चेन बार्डिंगला लागतो एक मिनिट. चौथा नाईट बाहेर पडला की बटण दाबा. आठवा निघेपर्यंत चिलखत तयार असेल. संशोधन पूर्ण झालं की मैदानात असलेल्या सगळ्या घोड्यांना ते त्याच क्षणी मिळतं, परत बोलवावं लागत नाही.

स्केल बार्डिंगची वेळही अशीच साधता येते. ८०० फूड, २०० गोल्ड भरून कॅसल एजला निघालात की १६० सेकंद हातात असतात. त्यात या अपग्रेडचे ४५ सेकंद सहज बसतात. त्याआधी दाबलं तर १५० फूड अडकतं आणि कॅसल एज लांबते. चूक नेमकी इथे होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लढाई सुरू झाल्यावर ब्लॅकस्मिथ आठवणं. तोवर निम्मे घोडे पडलेले असतात. तिसरी, २५० फूड चिलखताला दिलं आणि टाउन सेंटर रिकामं राहिलं. ते पाच व्हिलेजरांचं फूड होतं.

[दृश्य: पाईकमनची (लांब भालेवाल्यांची) रांग, त्यावर चालून जाणारे नाईट.]

आणि ही भिंत पाहा. पाईकमनचा मूळ हल्ला फक्त ४, पण घोडदळावर त्याला २२चा बोनस आहे. मेली आर्मर फक्त त्या ४मधून वजा होतं, बोनसला हातही लावत नाही. साध्या नाईटला एका घावात २४चा मार, दोन अपग्रेड झालेल्याला २२चा. दोन्ही नाईट पाचव्या घावालाच पडतात. ४०० फूड आणि १५० गोल्ड घालवून एकाही घावाचा फरक नाही. इथे तबेल्यातलं ब्लडलाइन्स बघा. १५० फूड, १०० गोल्डमध्ये २० एचपी वाढतात, आणि आर्मरच्या जोडीने तो पाचवा घाव सहावा होतो. त्याहून बरं म्हणजे पाईकमनच्या वाटेला जाऊच नका.

मँगोनेल या दगडफेकी यंत्राच्या दगडाचंही तसंच. दिसतो लांबून आलेला, पण गेम त्याला मेली मार धरतो. हल्ला ४०. क्रॉसबोला चिलखताची दोन्ही अपग्रेड असली तरी ३८चा मार बसतो, आणि क्रॉसबोकडे एचपी आहेत ३५. तिथे चिलखत नव्हे, बाजूला पळणं वाचवतं. समोर मंक (युनिट आपल्या बाजूला वळवणारा) असेल तर आर्मरचा काहीच संबंध येत नाही.

[दृश्य: एलिट स्कर्मिशर आणि क्रॉसबो.]

चिलखत सगळ्यात जास्त शोभतं ते या भालाफेक्यांना. एलिट स्कर्मिशरचं पिअर्स आर्मर मुळातच ४. हल्ला ७ असलेल्या क्रॉसबोला तो १२ बाणांत मारता येतो. पॅडेड आणि लेदर आर्मर ही तिरंदाजांच्या चिलखताची दोन अपग्रेड केली की प्रत्येक बाण १ एचपीवर येतो आणि एका स्कर्मिशरसाठी ३५ बाण खर्ची पडतात. गोल्ड न लागणारं युनिट, जवळपास तिप्पट टिकाऊ.

व्हिलेजरांना टिकाऊ करणारं लूम विसरू नका. ५० गोल्ड, २५ सेकंद, म्हणजे एका व्हिलेजरइतकाच वेळ. फ्लेचिंग नसलेल्या तिरंदाजाला व्हिलेजर मारायला ७ बाण पुरतात. लूमनंतर २० लागतात.

[दृश्य: इम्पीरियल एज, शेवटचा काळ. लोकसंख्या २००/२००.]

शेवटी लोकसंख्या २००ला टेकते. आता एकही युनिट वाढवता येत नाही, ताकद फक्त अपग्रेडमधून येते. ब्लडलाइन्स असलेला पॅलाडिन (नाईटचं शेवटचं रूप) १८० एचपीचा. सगळी अपग्रेड आणि केमिस्ट्री हे संशोधन झालेल्या आर्बलेस्टरचा (क्रॉसबोचं शेवटचं रूप) हल्ला १०. चेन बार्डिंगपर्यंतच थांबलेला पॅलाडिन ३६ बाणांत पडतो. प्लेट बार्डिंग पिअर्स आर्मर एकदम २ने वाढवतं, आणि बाण होतात ६०. किंमत ३५० फूड, २०० गोल्ड. वेळ ७५ सेकंद. आर्बलेस्टरची फौज दिसण्याआधी ते ७५ सेकंद संपलेले हवेत.