सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला का?

चढाईला गेलेला कबड्डीपटू निदानरेषेपाशी डावा पाय रोवतो आणि गर्रकन वळतो. कुणी हातही लावलेला नाही, तरी गुडघ्यात ‘खट्’ होतं. एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या चार मुख्य दोरांपैकी, म्हणजे लिगामेंटांपैकी, एक) बहुतेकदा असाच तुटतो. पाऊल जमिनीला चिकटलेलं, गुडघा जेमतेम वाकलेला, तो आत झुकतो आणि वरचं अंग फिरतं.

आता उजवा हात पँटच्या पुढच्या खिशात घाला. बोटं खाली, पुढे आणि आतल्या बाजूला गेली ना? उजव्या गुडघ्यातला एसीएल असाच तिरका जातो, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत. लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर, रुंदी साधारण एक. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि वळताना तिला आवर घालायचा, एवढं काम हा इवलासा दोर करतो. त्याला फुली मारून जातो तो पीसीएल. तो जाड असतो, आणि गाडीच्या धडकेत गुडघा वाकलेला असताना नडगी समोरून आपटली की सापडतो. बाहेरच्या बाजूला एलसीएल आणि आतल्या बाजूला एमसीएल. एमसीएल एकटाच दुखावला असेल तर बहुतेकदा ब्रेसमध्ये काही आठवड्यांत जुळतो. एसीएलचं तसं नाही. तो सांध्यातल्या पाण्यात असल्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही. मग सांधणार कशाच्या आधारानं?

सूज कधी आली ते डॉक्टरांना नक्की सांगा. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलंय, आणि पहिला संशय एसीएलवर. दुसऱ्या दिवशी सावकाश आली तर दोन हाडांमधली कूर्चेची गादी (मेनिस्कस) फाटल्याची शक्यता जास्त.

‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून हायसं वाटतं. पण एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. त्यासाठी हातानं तपासावं लागतं. गुडघा 20 ते 30 अंश वाकवायचा, एका हातानं मांडी पक्की धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी टक्कन थांबते. तुटलं असेल तर नुसती पुढे येत राहते. पहिल्या दिवशी दुखण्यानं स्नायू आखडलेले असतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून घ्या. तोवर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं. मालिश नको, आणि ‘बसवून’ घेणं तर नकोच.

खरी फसगत पुढे आहे. दोन-तीन आठवड्यांत दुखणं जातं, माणूस सरळ चालायला लागतो, कारण सरळ चालायला एसीएल फारसा लागतच नाही. मग एक दिवस जिन्यावर वळताना गुडघा सटकतो. असा सटकत राहिला की मधली गादी चिरडत जाते.

ऑपरेशन ठरलं तरी सहसा घाई नसते. गुडघा आधी पूर्ण सरळ व्हायला हवा, नाहीतर नंतर कडक राहतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच सेकंद, दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर मात्र व्यायामावर वेळ घालवू नका. गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो, लगेच दाखवा.

नवीन लिगामेंट बहुधा मांडीच्या मागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधातून करतात. ते बसवल्यावर साधारण सहा ते बारा आठवड्यांत सर्वांत कमकुवत असतं, आणि नेमकं तेव्हाच खेळाडूला ‘एकदम मस्त’ वाटत असतं. मॅटवर उतरायचं ते नऊ महिन्यांच्या आत नाही. तेव्हासुद्धा ऑपरेशन झालेल्या मांडीची ताकद मोजून घ्यायची. दुसऱ्या मांडीच्या 90 टक्के भरली नाही, तर अजून थांबायचं.