माउस कोणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतली कॉम्प्युटर लॅब डोळ्यांसमोर आणा. दाराशी चपलांचा ढीग, आत चालू असलेली मोजकी मशीन्स, आणि प्रत्येक मशीनभोवती पाच-सहा मुलांचा घोळका. माउस एकाच्या हातात. दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतोय, तिसरा “अरे तिथे नाही, खाली, खाली” असं म्हणत स्क्रीनवर बोट टेकवतोय, आणि अगदी कडेला उभी असलेली मुलगी एव्हाना खिडकीबाहेर बघायला लागली आहे. शाळेच्या दप्तरी मात्र सगळ्यांचाच संगणकाचा तास झाला.

या घोळक्याकडे नीट बघत बसलेल्या एका संशोधकाविषयी आज बोलायचं आहे. उदयसिंग पवार. 2005 साली बंगळुरूमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया’ ही प्रयोगशाळा सुरू झाली. तंत्रज्ञान गरीब वस्तीत आणि खेड्यात पोचलं की त्याचं नेमकं काय होतं, हे पाहणारा एक गट तिथे होता. केंटारो टोयामा आणि जॉयोजीत पाल हे त्यातले पवारांचे सहकारी. ही मंडळी शाळांमध्ये गेली तेव्हा त्यांना हेच चित्र दिसलं: एक संगणक, भोवती गर्दी, आणि माउस सहसा त्याच मुलाकडे, जो वयाने मोठा, अधिक धीट किंवा घरचा बरा. शाळेत यंत्र आलं होतं, पण वर्गातली जुनी उतरंड त्याच्याभोवती जशीच्या तशी उभी होती.

तो काळ आठवा. 2005 मध्येच अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कल्पनेने जगभरच्या सरकारांना भुरळ घातली होती. बंगळुरूच्या गटाने उलटा प्रश्न विचारला. संगणक एकच राहू दे, माउस पाच जोडले तर?

ऐकायला अगदीच बाळबोध वाटतं. पण घरी करून बघा. एका संगणकाला दोन माउस लावले तरी स्क्रीनवर बाण एकच राहतो, आणि दोघं मिळून तोच ओढत बसतात. एका बैलगाडीचे कासरे दोघांनी धरावेत तसली गत. म्हणून पवारांच्या गटाने असं सॉफ्टवेअर लिहिलं, की प्रत्येक माउसची हालचाल संगणकाने वेगळी ओळखावी आणि प्रत्येक मुलाला त्याच्या रंगाचा स्वतंत्र बाण मिळावा. लाल माझा, हिरवा तुझा. माउसची किंमत संगणकाच्या मानाने किरकोळ. मुलांना हे शिकवावंही लागत नाही; माउस हलवला की आपला बाण कुठला ते कळतंच.

2006 साली त्यांनी हे काम मांडलं. पण मला खरी गंमत वाटते ती त्यानंतरच्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाची. ग्रामीण भागातल्या गरीब घरांतली 238 मुलं आणि काम इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याचं. काही मुलं एकेकटी संगणकावर बसली. काही गटांना एकच माउस मिळाला, म्हणजे आपला नेहमीचा घोळका. आणि काही गटांत पाच मुलांना पाच माउस. आता या पाच माउसवाल्यांतही दोन प्रकार केले होते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पहिल्या प्रकारात शर्यत. बरोबर उत्तरावर ज्याने आधी क्लिक केलं, तो जिंकला आणि सगळ्यांसाठी पुढचा प्रश्न आला. दुसऱ्या प्रकारात मतदान. पाचही जणांनी बरोबर उत्तरावर क्लिक केल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. यंत्र तेच, शब्द तेच, माउस तितकेच. बदलला तो एवढा एक नियम.

शर्यतीत काय झालं असेल, हे कुठल्याही शिक्षकाला न सांगता कळेल. विशेषतः मुलगे टकाटक क्लिक करत सुटले. शब्द वाचतो कोण? मतदानात मात्र एकाचा बाण अडकला की बाकीच्या चौघांची पंचाईत. मग त्याला सांगावं लागतं, समजवावं लागतं. आणि ‘हे का बरोबर’ असं त्याने उलट विचारलं तर उत्तरही द्यावं लागतं. एकूण हिशेबात पाच माउसवाली मुलं एकेकट्या मुलांइतकेच शब्द शिकली, म्हणजे एका संगणकात पाच जणांचं काम झालं. पण शर्यत आणि मतदान यांत वागण्याचा आणि शिकण्याचा फरक ठळक होता. आणखी एक गोष्ट: मुलग्यांचं शिकणं या नियमावर बरंच हेलकावे खात होतं, मुलींचं मात्र सगळ्या प्रकारांत जवळपास सारखं राहिलं. आता यावरून मुलींविषयी मोठा सिद्धांत मांडायला मी जाणार नाही. पण वर्गातली स्पर्धा सगळ्यांनाच सारखा हुरूप देते, असं आपण धरून चालतो, त्याला इथे चांगलाच धक्का बसतो.

पुढे मायक्रोसॉफ्टने ‘मल्टिपॉइंट’ नावाने हे तंत्र इतरांसाठी खुलं केलं आणि 2010 मध्ये पॉवरपॉइंटला जोडता येणारं ‘माउस मिस्चिफ’ आणलं. शिक्षकाने प्रश्न पडद्यावर दाखवायचा आणि मुलांनी आपापल्या माउसने उत्तर निवडायचं. तिकडे चिलीमध्ये सॅंतियागोच्या कॅथलिक विद्यापीठात मिगेल नुसबाउम यांच्या गटाने पूर्ण वर्गाला एका मोठ्या पडद्यासमोर बसवून प्रत्येक मुलाच्या हाती माउस दिला आणि अंकगणित घेतलं. आज ही नावं शाळांत फारशी ऐकू येत नाहीत. टॅब्लेट आले, फोन आले, माउसच मागे पडला. त्याचं मला वाईट वाटत नाही. उपकरणं येतात आणि जातात.

पण आपल्याकडे खरेदी होते ती उपकरणांचीच. ‘डिजिटल शाळा’ म्हटलं की टॅब्लेट किती आणि स्मार्ट बोर्ड किती, ही मोजदाद. त्यावर मुलं एकमेकांशी बोलतील की नाही, हे निविदेत कोण लिहितो? शिवाय बोलणाऱ्या मुलांचा आवाज होतो, आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ यावर वाढलेल्या आपल्याला गोंगाट म्हणजे बेशिस्त वाटते. तपासणीला साहेब येणार असतील तर विचारूच नका.

आणि यंत्र नसलं तरी नियम बदलता येतो. मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्या वर्गासमोर. 2013 मध्ये त्यांनी निरीक्षणं प्रसिद्ध केली: अशा वेळी सरासरी 83 टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले होते. एवढ्या मोठ्या सभागृहात मागच्या बाकांवर काय चालतं हे ज्यांनी भोगलंय, त्यांना या आकड्याचं मोल कळेल.

तेव्हा ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील आणि लॅबमध्ये पाच मुलांमागे एकच माउस असेल, तर एक नियम उद्याच लावून बघा. माउस ज्याच्या हातात, त्याने उत्तर सांगायचं नाही. उत्तर बाकीच्यांनी ठरवायचं, त्याने फक्त क्लिक करायचं, आणि दर प्रश्नाला माउस पुढच्याकडे द्यायचा. प्रोग्रॅमर जोडीने काम करतात तेव्हा हेच करतात: एक टंकतो, दुसरा वाट सांगतो. थोडी कुरबुर होईल, विशेषतः ज्याच्याकडून माउस जाईल त्याची. पहिली पाळी मात्र खिडकीजवळच्या मुलीला द्या.

नमस्कार.