१४० म्हणजे नेमकी कोणती लय?

मंडळी, विषय जाहीर झालाय तो संगीतप्रकारांची लय आणि पट्टी, म्हणजे गाणं कोणत्या स्वराला सा धरतं ते. पट्टीकडे येणारच आहे. पण आधी लयीबद्दल बोलू द्या, कारण ते मनात फार दिवस खदखदतंय. मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या आकड्यालाच आपण लय म्हणायला लागलो आहोत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

कोणता संगीतप्रकार मिनिटाला किती ठोक्यांचा, याचे तक्ते तुम्ही पाहिलेत. रेगे ६० ते ९०, हाउस १२० ते १३०, डबस्टेप १४०, ड्रम अँड बेस १७०च्या पुढे. आकडे खोटे नाहीत, अपुरे आहेत.

एका नृत्याच्या कार्यक्रमात गाण्यांचा क्रम लावायचा होता. आयोजकांनी सॉफ्टवेअरकडून प्रत्येक गाण्याचा आकडा काढला आणि चढती यादी तयार केली. मी म्हटलं, एकदा कानांनी ऐकून तरी घ्या. नाही ऐकलं. १२४, १२६, १२८ असं हाउस चाललेलं, लोक रंगात आलेले, आणि त्यावर लागलं १४०चं डबस्टेप. कागदावर वेग वाढला होता. नाचणारे मात्र जागच्या जागी थांबले आणि एकमेकांकडे बघायला लागले. दोष त्यांच्या माथी मारला गेला, ‘आजचा प्रेक्षक थंड होता’ म्हणून! याचा मला अजून राग येतो. त्यांचे पाय बरोबर होते, यादी चुकली होती.

का, ते करूनच बघा. एक-दोन-तीन-चार मोजा आणि दोन-चारवर टाळी द्या. छान. आता मोजणी तशीच ठेवा, टाळी फक्त तीनवर. शेवटच्या रांगेतल्या माना बघा, किती संथ डोलायला लागल्या! मोजणी मी बदललेली नाही. हाउसमध्ये किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, प्रत्येक मात्रेवर पडतो. डबस्टेपमध्ये स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, येतो तो तिसऱ्या मात्रेवर, एकदाच. मशीन १४० मोजतं, अंग ७० मोजतं.

आणखी एक जोडी घ्या. व्हिएन्नीज वॉल्ट्झ मिनिटाला तीन मात्रांचे ५८ ते ६० बार, म्हणजे आवर्तनं, चालतो, म्हणजे १७४ ते १८० मात्रा. ड्रम अँड बेसही १७४वर सर्रास असतं. आकडा एकच, पण एकावर जोडी गिरक्या घेते आणि दुसऱ्यावर मान ८७ने हलते. उलट टोकाला आपला विलंबित एकताल. बारा मात्रांचं आवर्तन मिनिटभराच्या आसपास रेंगाळतं, तरी तबलजी दोन मात्रांमधली जागा भरीच्या बोलांनी तोलून धरतो. तिथे मात्रा कोणती मोजायची, हे मशीनला कोण सांगणार?

मेट्रोनोमचंही सांगतो, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणाऱ्या यंत्राचं. १८१५ साली पेटंट मेल्झेलने घेतलं, पण मूळ युक्ती ॲमस्टरडॅमच्या विंकेलची. त्याचं नाव घेतलं जात नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो. बीथोव्हनने १८१७ मध्ये आपल्या सिम्फनींना आकडे दिले. त्यातले काही इतके जलद की वादकांचा त्यावर अजून वाद चालतो. पण प्रत्येक आकड्यामागे त्याने स्वराची खूण काढली, ठोका अर्ध्या लांबीच्या स्वराचा (हाफ नोट) की पाव लांबीच्या (क्वार्टर नोट) ते दाखवणारी. तक्त्यांमधून नेमकी तीच खूण गळली आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर पट्टी.

अमुक पट्टी उदास, तमुक उत्साही, हे मला पटत नाही. पट्टी बहुतेक वेळा वाद्याच्या बांधणीतून येते. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. डी मेजरमध्ये त्या मोकळ्या गुंजतात. बीथोव्हन, ब्राम्स, चायकोव्हस्की, तिघांचेही व्हायोलिन कॉन्चेर्टो डी मेजरमध्येच आहेत. गिटारची सगळ्यात खालची तार ई, म्हणून रॉक आणि ब्लूज ई आणि ए या पट्ट्यांकडे झुकतात. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचे, म्हणजे त्यांच्या कागदावरचा सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो, तसाच ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, म्हणून जॅझला बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ सोयीचे. आपल्या भाषेत काळी पाच, काळी दोन, पांढरी चार.

इलेक्ट्रॉनिक संगीतात स्पीकर हेच वाद्य. खालचा एफ साधारण ४४ हर्ट्झ, जी ४९. त्याखालचा सी ३३वर जातो, तो बरेच स्पीकर नीट देत नाहीत. सप्तक वर नेलं तर छातीत जाणवणारा भार कमी होतो. म्हणून बेस एफ-जीच्या आसपास राहतो.

हिंदुस्थानी संगीतात वाद्य म्हणजे गळा. पुरुषांचा सा बऱ्याचदा काळी एक, स्त्रियांचा काळी चार किंवा पाच. राग बदलला तरी सा हलत नाही, तंबोरा आणि तबला त्यालाच मिळवलेले. तेव्हा ‘यमनची पट्टी कोणती’ हा प्रश्नच गायकाला विचारायचा, रागाला नाही.

एकत्र वाजवणाऱ्यांसाठी एवढंच. गिटारवाला ई धरतो तेव्हा ऑल्टोवाल्याच्या कागदावर सी शार्प येतो, सात शार्पांचा, म्हणजे सातही स्वर चढे. पट्टी ठरवण्याआधी त्याला विचारत जा. आता प्रश्न घेऊ.