निळ्या पंपाची हिरवी पिशवी

[दृश्य : ब्रिटनमधल्या एका सरकारी रुग्णालयाची फार्मसी. टेबलावर टोपली उपडी होते.]

वॉर्डातून परत आलेले हे दम्याचे पंप. निळे, तपकिरी, मध्येच एखादा जांभळा. यातला एक उचलू. मागच्या खिडकीत आकडा दिसतोय : 164. पंप 200 फवाऱ्यांचा. म्हणजे 36 वापरले आणि बाकीचे तसेच परत आले. दुसऱ्या पेशंटला हा देता येत नाही.

[दृश्य : नळकांडं वजनकाट्यावर.]

आत औषध चिमूटभरसुद्धा नाही. वजन आहे ते औषध ढकलणाऱ्या वायूचं. एचएफए-134ए. मोटारींच्या एसीत वर्षानुवर्षं भरत आले तोच. वजनाला वजन लावलं, तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवणारा. मोठ्या निळ्या पंपाचा हिशेब निघतो सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतका. बारा लिटर पेट्रोल जाळा, तेवढाच.

[दृश्य : रबरी फुग्याचं जुनं काचेचं यंत्र, मग अत्तराची बाटली.]

हा फवारा आला कुठून? 1955, अमेरिका. दमा असलेल्या 13 वर्षांच्या मुलीला हे फुगा दाबायचं यंत्र नकोसं झालं होतं. तिनं वडिलांना विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही मिळत? वडील, जॉर्ज मेसन, रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख. पोरीचा हट्ट थेट प्रयोगशाळेत गेला. अत्तराच्या फवाऱ्याची झडप आली, आइस्क्रीमचा जुना फ्रीझर आला, आणि 1956 मध्ये पंप बाजारात. तेव्हा वायू होता सीएफसी. त्यानं ओझोनला भोकं पाडली. ओझोन वाचवायच्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू तो गेला आणि हा एचएफए आला. ओझोन वाचला, उष्णतेचं मात्र राहून गेलं.

नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा. तिच्या एकूण कर्ब-उत्सर्जनात इनहेलरचा, म्हणजे या पंपांचा, वाटा सुमारे 3 टक्के.

[दृश्य : रोटाहेलर, हातात. कॅप्सूल आत. फिरवल्याचा आवाज.]

हा आवाज आपल्याकडे कित्येक घरांत ओळखीचा. कॅप्सूल टाका, फिरवा, जोरात ओढा. कोरडी पावडर, वायू नाहीच. स्वीडनमध्ये पावडरचेच पंप जास्त चालतात, ब्रिटनमध्ये अजून फवाराच. आपल्या आजीच्या खणातली वस्तू तिथं 'हरित पर्याय' म्हणून मिरवते, याचं जरा हसू येतं. अर्थात लहान मुलाला किंवा धाप लागलेल्याला तेवढ्या जोरात ओढता येत नाही. त्यांना फवारा आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळीच लागते, आणि ती मिळायलाच हवी.

[दृश्य : ट्रॉली, कॉरिडॉर, रिकामा लॉकर.]

पण टोपली भरते ती वेगळ्याच कारणानं. पेशंट ॲम्ब्युलन्समधून येतो, पंप घरी. इथं नवा मिळतो. वॉर्ड बदलतो, पंप आधीच्या लॉकरमध्ये. पुन्हा नवा. घरी जाताना आणखी एक. ना कुणाचा हलगर्जीपणा, ना कुणाची चोरी. पंपाचा माग ठेवणं कुणाचंच काम नव्हतं, एवढंच.

वापरलेला पंप कचऱ्यात गेला, तर उरलेला वायू यथावकाश हवेत. फार्मसीत परत आला, तर भट्टीत जळून नष्ट होतो.

[दृश्य : हिरवी पिशवी. सिस्टर पंपावर नावाची चिठ्ठी चिकटवतात.]

घरची औषधं घेऊन यायची ही हिरवी पिशवी ब्रिटनमध्ये जुनीच. आता पेशंट हलला की तीही हलते.

[दृश्य : आजोबा ट्रॉलीवर. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. निवेदन नाही.]