एका देहात दोघे

मंडळी, आज एका कागदापासून सुरुवात करतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये काही आठवड्यांनी एक रिपोर्ट लागतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘डोनर कायमेरिझम ९८ टक्के’. म्हणजे समजा दाता सख्खी बहीण असेल, तर या माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या शंभर पांढऱ्या पेशींपैकी अठ्ठ्याण्णव त्याच्या नाहीतच, बहिणीच्या आहेत. बहीण ‘ओ’ गटाची आणि हा ‘ए’ गटाचा असला, तर काही महिन्यांत त्याचाही रक्तगट ‘ओ’ होतो. केसाचं मूळ तपासलं तर मात्र तो अजून तोच असतो. आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली तर दोघंही सापडतात, कारण पांढऱ्या पेशी लाळेतही उतरतात. एरवी माणसाची ओळख पटवायला आपण हीच काडी वापरतो!

डॉक्टर तो आकडा बघून खूश होतात आणि नातेवाईक त्या शब्दाने घाबरतात. घाबरणं साहजिक आहे. कायमेरा ही ग्रीक पुराणातली राक्षसीण. पुढून सिंह, मधे बकरी, मागे साप. विज्ञानाने तिचं नाव उचललं, ते एका साध्या गोष्टीसाठी. खेचर हा संकर. त्याच्या एकेका पेशीत घोडी आणि गाढव दोघांचाही वाटा असतो. कायमेऱ्यात तसं नसतं. तिथे प्रत्येक पेशी पुरती एकाचीच असते. घर एक, बिऱ्हाडं दोन.

मग ही दोन बिऱ्हाडं भांडत कशी नाहीत? मला तुमच्याशी खरं तर एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

याचं पहिलं उत्तर गोठ्यातून आलं. १९४५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचं रक्त तपासलं. दोन वेगळ्या बीजांडांतून आलेली, सख्ख्या भावंडांइतकीच जवळची ही वासरं. पण दोघांच्याही अंगात एकमेकांच्या रक्तपेशी होत्या, आणि त्या मोठेपणीही टिकून होत्या. गर्भात असताना वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या आणि रक्त बनवणाऱ्या पेशींची अदलाबदल झाली. पुढे इंग्लंडमध्ये पीटर मेडावर यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. वासरं एकाच बीजांडाची आहेत की दोन, हे ओळखायचं कसं? मेडावर म्हणाले, सोपं आहे, एकाची त्वचा दुसऱ्यावर लावा. ती टिकली तर एकाच बीजांडाची. लावली, तर जवळजवळ सगळ्यांचीच टिकली. चाचणी फसली. मला या फसलेल्या चाचणीचं फार कौतुक वाटतं, कारण तिथेच ओवेन यांच्या निबंधाचा अर्थ उलगडला. मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी एका जातीच्या उंदरांच्या पेशी दुसऱ्या जातीच्या उंदराच्या गर्भात टोचल्या. तो मोठा झाल्यावर त्याने त्याच पहिल्या जातीची त्वचा निमूट स्वीकारली. हे साल १९५३. मेडावर यांना १९६० साली ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मेडावर यांनी ओवेन यांचं ऋण मान्यही केलं.

तेव्हा निष्कर्ष असा दिसला की जो लवकर आला तो आपला. ऐकायला छान आहे, पण इथे थांबलो तर फसू.

फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी कोंबडीच्या अंड्यात लावा पक्ष्याच्या पेशी बसवायला सुरुवात केली. जरा जवळून बघू. दोन दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं. कवचाला बारीक कात्रीने खिडकी पाडायची. आतला गर्भ काही मिलिमीटरचा आणि जवळजवळ पारदर्शक, म्हणून त्याच्याखाली थोडी काळी शाई सोडायची. मग काळ्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो. बारीक सुईने मज्जानलिकेचा, म्हणजे जिचा पुढे मज्जारज्जू होतो त्या नळीचा, तुकडा काढायचा, त्याच वयाच्या लाव्याचा तेवढाच तुकडा तिथे ठेवायचा, खिडकीवर चिकटपट्टी लावायची आणि अंडं परत उबवणीत. पुढे कोणती पेशी कुठे गेली हे कसं कळणार? लाव्याच्या पेशीच्या केंद्रकात, विशिष्ट रंग दिला की, मोठा गडद ठिपका उमटतो. कोंबडीच्या केंद्रकात तसा नसतो. ही खूण त्यांनी १९६९ साली दाखवली. पाठीच्या एका पट्ट्यातून निघालेल्या पेशी चेतापेशी होतात, पिसांना रंग देणाऱ्याही होतात, हे या ठिपक्यामुळे बोट ठेवून दाखवता आलं. पिल्लू बाहेर यायचं ते पांढरं, आणि मधेच गडद पिसांचा पट्टा.

ही पिल्लं चालायची, दाणे टिपायची. काही आठवड्यांनी मात्र पंख लोंबू लागायचे, मग पाय जायचे. कोंबडीच्या प्रतिकारयंत्रणेने लाव्याच्या मज्जारज्जूवर हल्ला केलेला असायचा. जन्माआधीपासून सोबत असलेल्या मज्जारज्जूवर! म्हणजे लवकर येणं पुरेसं नव्हतं. मग १९८७ साली याच गटाने लाव्याचा पंख बसवला, आणि त्याच लाव्याच्या थायमस ग्रंथीचं अस्तरही बसवलं. तो पंख कायम टिकला. थायमस माणसाच्या छातीत आणि पक्ष्यांच्या मानेत असते, टी पेशी, म्हणजे परक्यांवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होतात, आणि आपल्यांवर उठणाऱ्या बऱ्याचशा तिथेच बाद होतात. त्या चाळणीत जो दिसलाच नाही, तो घरात कितीही आधी आलेला असो, एक दिवस चोर ठरू शकतो.

आता पुन्हा रुग्णाकडे. बोन मॅरो बदलतो तेव्हा आपण परका अवयव बसवत नाही, पहारेकरीच, म्हणजे मॅरोत बनणाऱ्या पांढऱ्या पेशीच, बदलतो. म्हणून तिथे भांडण झालं तर उलटं होतं. नवे पहारेकरी घरमालकालाच परका समजतात. त्वचा, आतडी, यकृत यांना इजा होते. मग एकाच दात्याचं मूत्रपिंड आणि बोन मॅरो दोन्ही दिले तर? बोस्टनमधल्या एका गटाने २००८ साली पाच रुग्णांचा अहवाल दिला. एकाचं मूत्रपिंड गेलं. उरलेल्या चौघांची प्रतिकार दाबणारी औषधं बंद करता आली. आणि त्यांच्या रक्तातला कायमेरिझम काही आठवड्यांतच पुसला गेला होता! पाहुणे गेले, ओळख मात्र राहिली. ती नेमकी कशाच्या जोरावर राहते, यावर आजही वाद आहेत.

शेवटी त्या बातम्यांबद्दल, ज्यांच्यामुळे तुमच्यापैकी अनेक जण आज आले असतील. डुकराच्या गर्भात माणसाच्या पेशी. २०१७ साली ते प्रयोग प्रसिद्ध झाले तेव्हा तीन-चार आठवड्यांच्या त्या गर्भांत मानवी पेशी साधारण लाखात एक होत्या. अर्धा माणूस वगैरे चित्रं विसरा. त्या पेशी मेंदूत किती जाव्यात ही चिंता मात्र खरी आहे, आणि प्रयोगाआधीच हद्द ठरवावी या मताचा मी आहे.

त्याच वर्षी हिरोमित्सु नाकाउची यांच्या गटाने केलेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. स्वादुपिंड तयारच होणार नाही अशा घुशीच्या जातभाईच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटच्या गर्भात त्यांनी उंदराच्या मूळपेशी सोडल्या. रिकाम्या जागी उंदराचं स्वादुपिंड वाढलं. त्यातली इन्सुलिन बनवणारी पेशींची बेटं काढून मधुमेही उंदरांना दिली. प्रतिकार दाबणारी औषधं फक्त पहिले पाच दिवस. साखर वर्षभराहून जास्त काळ ताब्यात राहिली. त्या बेटांसोबत रॅटच्याही काही पेशी आल्या होत्या. नंतर तपासलं तेव्हा त्या उरल्या नव्हत्या. उंदराच्या शरीराने बेटं ठेवली आणि तेवढ्या पेशी वेचून काढल्या.