ओलिताच्या रात्री वाजणारं संगीत

रात्रीचे अकरा वाजलेत. हरभऱ्याला पाणी चालू आहे. शेतीच्या फीडरला या आठवड्यात वीज रात्रीची, म्हणून अख्खं शिवार जागं आहे. धुऱ्यावरच्या या रेडिओवर गावातलंच सामुदायिक केंद्र लागलंय.

ऐका. हा कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमधल्या रोलरचा आवाज, चौपट सावकाश केलेला. त्याखाली सिंथेसायझरचा एकच सूर, सहा मिनिटं धरून ठेवलेला. मुखडा नाही, अंतरा नाही. असलं संगीत मोठी स्टेशनं भरदिवसा सोडा, रात्रीही लावत नाहीत. इथे ते तासभर वाजतं.

कार्यक्रम करणारा हा पोरगा दिवसा पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. जुन्या घड्याळाच्या बझरमधली ही पिएझोची, म्हणजे थरथरीची वीज करणारी, चकती; हाच त्याचा पहिला माइक. तिला दोन तारा डाख देऊन जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि चकती हापशीच्या दांड्यावर घट्ट दाबून बसवली. आता कानाला न येणारं ऐकू येतं: आतल्या साखळीची कुरकुर, पाइपातून चढणारं पाणी, दांडा आदळला की लोखंडात घुमत राहणारा नाद. दुसऱ्या माइकवर वाऱ्यासाठी कापूस बांधलाय, याच वावरातला. मग जुन्या लॅपटॉपवर कापणं, उलटं फिरवणं, ताणणं.

ही रीत रेडिओतच जन्मली. 1948 साली फ्रेंच रेडिओतल्या पिएर शेफर या अभियंत्यानं आगगाडीचे आवाज कापून-जोडून पॅरिसच्या रेडिओवरून ऐकवले. आपल्याकडे 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग बनावटीचा सिंथेसायझर बसवून दिला. 1982 साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड केले. त्या रेकॉर्डची किंमत जगाला कळली ती 2010 नंतर. हे सगळं या तासात वाजतं, मराठीत समजावून वाजतं.

सामुदायिक केंद्राला ताकद मिळते सहसा 100 वॉटपर्यंतच. पण सपाट मुलखात दहा-बारा किलोमीटरला तेवढी पुरते. जागलीवरच्या एका काकाजींचा हा फोन: "बावा, गाणं नाही समजलं, पण बंद नको करू. झोप नाही येत यानं."

जाहिराती मिळेनात, म्हणून दोन तासांचा कार्यक्रम एका तासावर आला.

जिनिंगचा हंगाम सरत आलाय. त्याआधी प्रेसमध्ये रुईची गाठ दाबली जातानाचा आवाज घ्यायचा आहे. मालकांनी होकार दिलाय, शाळेतल्या दोन मुली चकत्या डाखायला शिकल्यात.