रिपोर्टात न दिसणारं कोलेस्टेरॉल

(दृश्य : टेबलावर रक्ततपासणीचा कागद. एक बोट आकड्यांवरून खाली सरकतंय.)

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, हातात आला की नजर आधी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शोधते. आकडा मर्यादेत दिसला की जीव भांड्यात पडतो. सिगारेट ओढणाऱ्यानं मात्र इतक्यात निर्धास्त होऊ नये. एलडीएल किती आहे एवढंच हा कागद सांगतो. ते कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यावर छापलेलं नसतं.

(दृश्य : पेटता निखारा, अगदी जवळून.)

एक झुरका. काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं, अ‍ॅड्रेनालिन उसळतं, नाडी जलद होते. चरबीच्या पेशी फॅटी आम्लं रक्तात सोडतात आणि यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड (चरबीचाच एक प्रकार) करून परत रक्तात धाडतं. म्हणून ओढणाऱ्यांचं ट्रायग्लिसराइड सहसा चढलेलं असतं. धमन्यांतलं जादा कोलेस्टेरॉल उचलून नेणारं एचडीएल मात्र घटलेलं. एलडीएलच्या आकड्यात फरक थोडाच पडतो, आणि तिथंच माणूस फसतो.

(दृश्य : धमनीच्या आत. अ‍ॅनिमेशन.)

ही हृदयाला रक्त पुरवणारी करोनरी धमनी. पोकळी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर. आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, म्हणून धमनी सैल राहते. धूर नेमकं तेच कमी करतो. दुखावलेल्या अस्तरातून एलडीएलचे कण भिंतीत शिरतात आणि तिथं त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. उघडं राहिलेलं तेल खवट होतं ना, तसंच. रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही ही जवळपास तीच क्रिया आहे.

पांढऱ्या पेशी हे खवट कण गिळत सुटतात. गिळून गिळून फुगतात, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसू लागतात आणि भिंतीतच अडकून पडतात. प्लाकची, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थराची, सुरुवात ही अशी. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस प्लाक फुटतो. सिगारेटनं प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, आधीच चिकट करून ठेवलेल्या असतात. गुठळी धरायला वेळ लागत नाही.

इंटरहार्ट हा ५२ देशांतला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागची सर्वांत ठळक दोन कारणं त्यात पुढे आली : रक्तातल्या चरबीचा बिघाड आणि धूम्रपान.

‘मी दिवसाला एकच ओढतो,’ हे वाक्य फार ऐकू येतं. पण दिवसाला २० ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका त्या एकीतच असतो.

(दृश्य : तोच टेबल, नवा रिपोर्ट.)

सिगारेट सुटल्यावर काही आठवड्यांतच एचडीएल वर सरकू लागतं. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. भिंतीतला जुना प्लाक एवढ्यात जात नाही, पण त्याच्यावरून वाहणारं रक्त आता कमी चिकट असतं.

(बोट एचडीएलच्या ओळीवर थांबतं.)